गंधक नांदायला हवं

संस्थेत तिला सगळे सूनबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण काचेच्या भिंतींची इमारत ती, मागचं बोलणं पुढे यायला कितीसा वेळ लागणार? बरं, म्हणणाऱ्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. बॅटरीच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळी संस्था नुसतं 'मॅडम' म्हणायची, त्या तिच्या सख्ख्या सासूबाई होत्या. फक्त त्यातला क्रम कुणी ध्यानात घेत नसे. आधी ती मॅडमच्या हाताखाली शिकायला आली, त्यांची बोलणी खाऊन खाऊन तयार झाली, आणि मग एकदा मॅडमचा घरी राहिलेला चष्मा द्यायला त्यांचा मुलगा आला. तो पुढे चष्मा राहिला नसला तरी येत राहिला. "विद्यार्थिनी मी निवडली," मॅडम सांगायच्या, "सून त्यानं निवडली. माझा त्यात काडीचाही हात नाही."

दोघींचा नियम एकच होता. फाटकाच्या आत मॅडम, फाटकाच्या बाहेर आई. आत घरचं बोलायचं नाही, घरी सेलचं, म्हणजे बॅटरीचं, बोलायचं नाही. आता बस कुणाच्या हद्दीत येते हे काही ठरलेलं नव्हतं, म्हणून बसमध्ये दोघी आपल्या गप्प बसून असायच्या. बघणाऱ्यांना वाटायचं, सासू-सुनेचं बिनसलंय.

आणि काम काय, तर सोडियम आणि गंधकाची बॅटरी. सोडियम आपल्या मिठातलं, त्याला तोटा नाही. गंधक कारखान्यांच्या आवारात पिवळ्या ढिगांनी पडून असतं, कुणी विचारत नाही. या दोघांची बॅटरी भट्टीसारखी तापवून चालवता येते, ते जगाला माहीत आहे. मॅडमना ती साध्या खोलीत, साध्या हवेत चालायला हवी होती, कुणाच्याही घरात ठेवता यावी अशी. आणि तिथंच घोडं पेंड खायचं. नवी बॅटरी पहिले काही दिवस अशी चालायची की बघत राहावं. मग तिचं बळ रोज थोडं थोडं ओसरायचं. कारण गंधक स्वतःच्या जागी राहायचंच नाही. आतल्या द्रवात विरघळून पलीकडे सोडियमकडे जायचं, तिथे चिकटून बसायचं, ते सोडियमही नासवायचं आणि स्वतःही कामातून जायचं. "गंधक नांदत नाही," मॅडम म्हणायच्या. "जरा पाठ वळली की निघालं. ते नांदायला हवं, मग बाकीचं सगळं होतं." तरुणपणापासून त्या एवढ्या एकाच गोष्टीच्या मागे लागल्या होत्या. लोकांनी विषय बदलले, खुर्च्या बदलल्या, काहींनी तर धंदेच बदलले. मॅडम आपल्या गंधकापाशी.

सूनबाईला त्यांचं सगळ्यात जास्त काय आवडायचं, तर त्यांचे हात. सोडियमला हवा सोसत नाही, ओल सोसत नाही, म्हणून सेल जोडायचा तो काचेच्या बंद पेटीत. पेटीला बाहेरून जाड रबरी हातमोजे लावलेले. त्यांत कोपरापर्यंत हात घालायचे आणि आत चिमट्यानं काम करायचं. जाड गोधडी अंगावर घेऊन सुईत दोरा ओवण्याचा प्रकार. नवी मुलं पहिल्या आठवड्यात रडकुंडीला यायची. मॅडम मात्र नाण्याएवढ्या वाटीत आधी गंधकाची काळी चकती ठेवायच्या, वर द्रवाचे थेंब, वर गंधक आणि सोडियम वेगळं ठेवणारा पांढरा पातळ पडदा, वर सोडियमचा चकचकीत तुकडा, मग झाकण, मग दाब. कुठे घाई नाही, कुठे थरथर नाही. महत्त्वाचा सेल त्यांनीच जोडायचा, हा प्रयोगशाळेचा रिवाज होता. "हात एक असला म्हणजे फरक मालाचा कळतो," असं त्यांचं म्हणणं.

रिवाज आणखीही होते. मेलेला सेल न उघडता फेकायचा नाही, हा दुसरा. "जिवंतपणी बोलला नाही तो. आता तरी त्याचं ऐकून घ्या," असं म्हणत त्या प्रत्येक सेल फोडून आत बघायला लावायच्या. आणि तिसरा म्हणजे मधल्या पडद्यांचा. त्या काळ्या चकत्या एकावर एक ठेवल्या की घासून त्यांच्या कडा झडायच्या. म्हणून मॅडम दर दोन चकत्यांमध्ये तसाच एक पांढरा पडदा घालून ठेवत, काचेच्या बशा बांधताना आपण मध्ये कागद घालतो तसा. काम करताना तो मधला पडदा काढून बाजूला टाकायचा आणि खालची चकती उचलायची. दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत असं करत नसत. शेजारच्या प्रयोगशाळेतले सर त्यावरून हसायचे.

त्या वर्षाअखेर मॅडम निवृत्त होणार होत्या. प्रयोगशाळा सूनबाईकडे द्यायची, की बंद करून जागा शेजारच्या सरांना द्यायची, हे एक समिती येऊन ठरवणार होती. सूनबाईला ती प्रयोगशाळा हवी होती. अगदी मनापासून, पोटातून हवी होती. पण सासूनं सुनेला दिली असं कुणी म्हणता कामा नये, अशी हवी होती. तिनं एक कोळशाची पावडर तयार केली होती, अतिशय बारीक छिद्रांची. त्या छिद्रांत गंधक मुरवायचं, म्हणजे ते आत अडकून राहील, बाहेर पडणार नाही. ही कल्पना तिची एकटीची होती, आणि तिच्यावर तिची सगळी भिस्त होती.

मॅडमनी त्या पावडरीचे सेल जोडले आणि यंत्राला लावले. यंत्र सेल भरतं, रिकामा करतं, परत भरतं, आणि संगणकावर रेघ काढत जातं. आजवर प्रत्येक रेघ घसरगुंडीसारखी खाली आलेली. या सेलांची रेघ खाली यायलाच तयार नव्हती. आठवडा गेला, महिना गेला, रेघ आपली सपाट. दवाखान्यात सपाट रेघ दिसली की माणसं रडतात. इथे सूनबाई आनंदानं रडली. शेजारचे सरही येऊन बघून गेले आणि हसले नाहीत.

समितीला दाखवायला आणखी थोडे सेल असावेत म्हणून तिनं काही स्वतः जोडले. तीच पावडर, तोच द्रव, तीच पेटी. ते सगळे पंधरवड्यात मान टाकून बसले. तिनं परत जोडले. परत तेच. मेलेले उघडून बघितले, तर आत नेहमीचीच रड: गंधक पलीकडे गेलेलं, सोडियम काळवंडलेलं.

"मॅडमचा हातगुण हो," शेजारचे सर म्हणाले. "शास्त्राबिस्त्रात काही नाही. हाताला यश लागतं."

ते चेष्टेनं म्हणाले, पण तिच्या मनात ते घर करून बसलं. हातगुण म्हणजे काय? हातानं काहीतरी वेगळं केल्याशिवाय सेल कसा जगेल? आणि वेगळं केलं असेल, तर ते काय?

उत्तर घरी मिळालं, तेही सुट्टीच्या दिवशी, उन्हात बसून लसूण सोलताना. मॅडम, म्हणजे तेव्हा आई, खुर्चीत बसून पुस्तक वाचत होत्या. मध्येच वैतागून म्हणाल्या, "हल्ली लेखकांना झालंय काय? आता ही बाई गाडीत बसत होती, आणि आता तिचा मुलगा परीक्षेत पास झाला. मध्ये काही सांगायचं असतं की नाही?"

नवऱ्यानं वाकून पाहिलं. "आई, दोन पानं उलटलीस तू एकदम."

"छे, एकच उलटलं."

त्यानं दोन पानं बोटांनी सुटी करून दाखवली. त्या हसल्या, चुकलेलं पान वाचून पुढे गेल्या. थोड्या वेळानं परत दोन उलटली. या वेळी त्यांना कळलंही नाही, आणि नवरा भांडी लावायला आत गेलेला. सूनबाईच्या हातातली लसणीची पाकळी हातातच राहिली. दोन पातळ कागद एकमेकांना चिकटले तर या बोटांना आता कळत नव्हतं. आणि पेटीत काय होतं? काळी चकती, तिच्यावर चिकटलेला मधला पडदा. तोही चकतीच्या धुळीनं दोन्ही बाजूंनी काळा झालेला. काळ्यावर काळा. डोळ्यांना दिसायचा नाही, आणि बोटांना...

दोन दिवस ती गप्प राहिली. खोटं कशाला सांगा, तिला गप्पच राहावंसं वाटलं. समिती चार दिवसांवर आलेली. रेघ सपाट होती, ती तर कुणी खोटी काढली नव्हती. नुसतं तोंड बंद ठेवलं की प्रयोगशाळा तिची. आणि बोलायचं म्हणजे काय बोलायचं? तुमचे हात गेले म्हणून? ज्या हातांकडे बघून ती कामाला लागली, त्या हातांबद्दल, त्या बाईच्या तोंडावर? त्या दोन दिवसांत तिला जेवण गेलं नाही. नवऱ्यानं विचारलं, तर "सेलचं आहे" म्हणाली, आणि घरी सेलचं बोलायचं नसल्यामुळे विषय तिथेच संपला.

तिसऱ्या सकाळी ती मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "मॅडम, एक सेल उघडायचाय."

"मेलाय?"

"नाही. आपला सगळ्यात चांगला. चालू आहे तो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. समितीला दाखवायचा सेल तो. एकदा फोडला की संपला. का, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांचा स्वभावच तो. विद्यार्थ्याला उघडून बघायचंय म्हटल्यावर अडवायचं नाही. "उघड," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच उठून पेटीकडे चालू लागल्या.

सूनबाईनं हातमोज्यांत हात घातले. मॅडम शेजारी काचेला नाक लावून उभ्या. तिनं झाकण सोडवलं, सोडियम उचललं. सोडियम लख्ख होतं. इतके दिवस चाललेल्या सेलमध्ये असं सोडियम दोघींपैकी कुणीच कधी पाहिलं नव्हतं. त्याखालचा पडदा, पांढराशुभ्र. तोही तिनं बाजूला केला. खाली काळी चकती. तिनं चिमट्याचं टोक चकतीच्या कडेशी हळूच घातलं आणि वरचा थर उचलला. तो वेगळा झाला. दुसरा पडदा. दोन्ही बाजूंनी कोळशाच्या पावडरीनं सारवल्यासारखा काळा, आणि त्या काळ्यात गंधकाची पिवळट नारिंगी छटा धरलेली. पळून निघालेलं सगळं गंधक तिथे अडलं होतं. तिथून पुढे ते गेलंच नव्हतं.

"मधला पडदा," मॅडम म्हणाल्या. "काढायचा राहिला."

"हो."

"सगळ्याच सेलांत?"

"तुम्ही जोडलेल्या. मी जोडले त्यांत नाही."

मॅडमनी तो काळा पडदा काचेतून परत एकदा निरखला. मग म्हणाल्या, "हातमोजे जाड आहेत. नवे मागवायला हवेत."

सूनबाईनं चिमटा खाली ठेवला. "घरी कुठे हातमोजे असतात, आई?"

फाटकाच्या आत आई म्हटलेलं मॅडमनी कधी खपवून घेतलं नव्हतं. आज त्यांनी ते ऐकलं, आणि आपला हात डोळ्यांसमोर धरला. अंगठ्यानं एकेक बोटाचं टोक दाबून पाहिलं. "मला वाटत होतं, थंडीनं होतंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गेल्या हिवाळ्यापासून वाटतंय. हिवाळा गेला, तरी वाटतंय." सूनबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आणि आता ऐका, या बाईचं मला कौतुक का वाटतं ते. ज्या हातांवर आयुष्य काढलं ते हात गेल्याचं कळून चार घटकाही झाल्या नव्हत्या, आणि त्या परत काचेला नाक लावून उभ्या. "तो पडदा उजेडात धर. आणखी वर. बघ, कड पिवळी नाही, मधला भाग पिवळा आहे. म्हणजे कडेनं गळत नाही. म्हणजे तुझी पावडर गंधक धरते, अगं. फक्त तू तिला आत घरात कोंडायला बसवली होतीस. ती उंबऱ्यात, पडद्यावर, बसवायला हवी." त्यांचा आवाज चढत गेला, गाल लाल झाले. दुःख करायला त्यांच्याकडे वेळच नव्हता.

समितीपुढे बोलायचं होतं सूनबाईनं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "आमचा सगळ्यात चांगला सेल आम्ही परवा फोडला." समितीचे अध्यक्ष, एक म्हातारे इंजिनिअर, चष्म्यावरून बघायला लागले. तिनं सगळं सांगितलं. मधला पडदा कसा राहून गेला, गंधक तिथे कसं अडलं, नुसत्या पावडरीचे सेल कसे टिकले नाहीत.

"पडदा राहिला कुणाकडून?" शेजारच्या सरांनी विचारलं.

"माझ्याकडून," ती म्हणाली.

मॅडम मागच्या खुर्चीवरून उठल्या. "ती खोटं बोलतेय. सवय नाही, म्हणून नीट जमलं नाही तिला." कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "ते सेल मी जोडले. माझ्या बोटांना आता दोन थर कळत नाहीत. मला ते समजलं नव्हतं, हिला समजलं. हिनं तोंड मिटून घेतलं असतं, तर तुम्ही आज टाळ्या वाजवून प्रयोगशाळा हिच्या हवाली केली असती, आणि मीही वाजवल्या असत्या. तेव्हा सासू-सून काय बोलायचं ते खुशाल बोला. पण हे एवढं ऐकून बोला."

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे आज तुमच्याकडे दाखवायला काहीच नाही."

"एक चूक आहे," मॅडम म्हणाल्या. "चांगली आहे."

समितीनं मुदत दिली, मॅडमच्या निवृत्तीपर्यंतची. अट एकच. पडदा राहून गेलेला चालायचा नाही, मुद्दाम बसवलेला हवा; आणि सेल सूनबाईनं जोडायचे, मॅडमनी पेटीत हात घालायचा नाही. ही अट घालायची तशी गरज नव्हती. त्या दिवसापासून मॅडमनी हातमोज्यांना स्पर्शही केला नाही.

मॅडम पेटीशेजारी स्टूल टाकून बसायच्या, हात मांडीवर. सूनबाई आत काम करायची. आधी तिनं पडद्याला पावडरीचा जाड थर दिला, तर सेल चालेचना. वाट इतकी बंद झाली की जे जायला हवं तेही जाईना. मग पातळ दिला, तर तो द्रवात सुटून आला. प्रत्येक मेलेला सेल दोघींनी उघडला. "काय म्हणतोय?" मॅडम विचारायच्या. "म्हणतोय, थर एका बाजूला सरकला," ती सांगायची. डोळे मॅडमचे अजून तल्लख होते. कुठे थर फाटलाय, कुठे डाग धरलाय, त्या काचेबाहेरून दाखवायच्या. चिमटा कसा धरावा, एवढं मात्र त्या कधी सांगत नसत. ती चुकली, तिच्या हातून चकती निसटली, तरी नाही. मांडीवरची बोटं तेवढी हलायची, जणू तीच चिमटा धरून आहेत. तसं झालं की सूनबाई मान वळवून घ्यायची, कारण ते बघवत नसे.

मुळात त्या राहून गेलेल्या पडद्यावर थर कसा बसला होता? चकत्यांच्या दाबानं, दिवसेंदिवस हळूहळू. हे सुचलं सूनबाईला. तिनं पडद्याला पावडर लावून तो वजनाखाली दाबून ठेवला, घाई केली नाही, आणि मग सेल जोडले. एक-दोन नाही, पेटीभर. यंत्राला लावले. रेघ निघाली. आठवडा गेला, महिना गेला. रेघ सपाट. पुढचा महिनाही सपाट. जुन्या राहून गेलेल्या पडद्यापेक्षाही सपाट.

शेजारचे सर येऊन बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "काय हो, मधल्या पडद्यांचा तो तुमचा रिवाज, आम्हीही सुरू करावा म्हणतो."

"करा की," मॅडम म्हणाल्या. "फक्त काढायला विसरायचं, एवढं अवघड आहे त्यात."

समितीनं प्रयोगशाळा सूनबाईकडे देण्याच्या कागदावर सह्या केल्या. निरोपाच्या दिवशी मॅडम जास्त बोलल्या नाहीत. गंधक नांदायला लागलं, आता मला घरी जायला हरकत नाही, एवढंच म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या. त्या दिवशी बसमध्येही दोघी गप्पच होत्या, पण मॅडमनी हात तिच्या हातात दिला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी सूनबाई पेटीपाशी होती, दोन्ही हात कोपरापर्यंत हातमोज्यांत. दारावर टकटक झाली. दार उघडंच होतं, तरी कुणी आत आलं नाही.

"मॅडम, आत येऊ का?"

तिला आवाज कळला. पण शब्द कळायला क्षण गेला. तिनं मान वळवली. दारात सासूबाई उभ्या, हातात चष्म्याची डबी. "तुमचा चष्मा घरी राहिला होता," त्या म्हणाल्या. चेष्टा नव्हती त्यात. पंचवीस माणसांच्या त्या इमारतीत कुणी तिला अजून असं म्हटलं नव्हतं. मॅडम म्हणजे एकच, आणि ती आपण नव्हे, हे तिनंही धरून ठेवलेलं होतं. आणि आता तीच एक बाई दाराबाहेर परवानगीची वाट बघत उभी होती.

"या," ती कशीबशी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. दोन्ही हात पेटीत, चिमट्यात पडदा, पडदा अर्ध्या वाटेत.

सासूबाई जवळ आल्या. चष्मा टेबलावर ठेवला. आपल्या बोटांनी तिचा एक गाल पुसला, मग दुसरा. मग थांबून त्यांनी तिच्या तोंडाकडे वाकून पाहिलं.

"पुसलं गेलं का गं सगळं? मला आता ओलं कळत नाही."

"गेलं, आई," ती म्हणाली, आणि पडदा जागेवर ठेवला. फाटकाच्या आत आई म्हटल्याबद्दल रागवायला आता तिथे कुणी नव्हतं.